टिचकी

अप्पांच्या डोळ्यांत तिसऱ्यांदा थेंब घालून नर्सने त्यांना वीस मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं आणि तेव्हापासून अप्पांचं तोंड सुरू झालं. डोळे उघडे असले की अप्पा वाचत, मिटले की बोलत. तिसरी अवस्था त्यांना ठाऊक नव्हती. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेल्या माणसाला समोर वर्ग आहे की डोळ्यांच्या दवाखान्यातली रांग, याने काही फरक पडत नव्हता. त्यांची मुलगी त्यांच्या डाव्या हाताला बसून मोबाइलवर उद्याच्या पानाचा मजकूर वाचत होती. त्यांच्या उजव्या हाताला एक चाळिशीची बाई सासूच्या चपला घातलेली पिशवी मांडीवर धरून बसली होती. सासूला मोतीबिंदूसाठी आत नेलं होतं. अप्पांनी त्या बाईला सासूचं वय विचारलं, साखर आहे का विचारलं, कुठला डोळा ते विचारलं, आणि मग आता आपली पाळी असं ठरवून स्वतःच्या मुलीकडे वळले.

"ही माझी मुलगी. पेपरात असते."

"हो का?" बाई म्हणाली.

"अशीतशी नाही. ती गोदामाची मालिका आली होती ना, दीड वर्षापूर्वी? जप्त केलेला गर्दचा साठा सरकारी गोदामात ठेवायचा, आणि तिथल्याच साहेबांनी तो मागच्या दाराने पुन्हा टोळीला द्यायचा? ते सगळं हिने बाहेर काढलं."

"अप्पा, पुरे," ती मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली. हे तिला अंगवळणी पडलं होतं. दूधवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, बँकेतली काउंटरवरची मुलगी, सगळ्यांना ही मालिका ऐकावी लागली होती.

"एक वाक्य ऐका, एकच," अप्पांनी मिटल्या डोळ्यांनी बोट वर केलं. "'वजन करण्याआधी पारड्याला नखाने दोनदा टिचकी मारावी लागते, गाढ झोपलेल्या माणसाला दचकू न देता उठवावं तशी. मग काटा शून्यावर येतो. त्या खोलीतली तेवढी एकच गोष्ट खरी.' आता बघा. हे बसल्या जागी सुचत नाही. डोळ्यांनी बघावं लागतं."

त्या बाईचे पिशवीवरचे हात थांबले होते. "छान लिहिलंय," ती म्हणाली. मग अप्पांच्या पुढून वाकून, अगदी हळू, "तुम्ही का त्या?"

तिने मान वर केली. बाईचा चेहरा अनोळखी होता. गोल, घामेजलेला, कपाळावर केस चिकटलेले. पण त्या चेहऱ्यावर जे पसरत होतं ते ओळखीचं होतं. आपल्याला कोणी आभार मानण्यासाठी शोधत असलं की असं दिसतं.

"वजनखोलीत होते ना, ते माझे मिस्टर," बाई म्हणाली. "मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. ते तुमचं नाव सांगत नाहीत, घरातसुद्धा नाही. पण चांगलंच बोलतात हो ताई. म्हणतात, बाईंनी शब्द पाळला. शेवटपर्यंत माझं नाव येऊ दिलं नाही."

"हात कसा आहे त्यांचा?" हे आपणच विचारलं हे तिला जरा उशिराने कळलं.

"दोन बोटं वळतात. बाकीची नाही. जेवतात डाव्या हाताने. आता जमतं." बाईने पिशवी छातीशी घेतली. "बाहेरच्यांचं सोडा ताई, ते तर गुंडच. घात केला तो घरच्याने. माझ्या दिराने. हे काम चाललंय ते यांनी एका त्यालाच सांगितलं होतं. आणि तो ड्रायव्हिंग शिकवतो, दिवसभर गाडीत नवीन नवीन माणसं, तोंडाला कुलूप नाही. दीड वर्ष झालं, दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आज सासूबाईंचा डोळा, पण धाकट्याला कळवायचं नाही म्हणून बजावलंय."

"सख्खा भाऊ?" अप्पांनी मिटल्या डोळ्यांनीच चुकचुक केली.

"सख्खा हो."

बाईच्या 'सख्खा हो'नंतर एक जागा होती. तिथे तिला बोलता आलं असतं. जागा चांगली ऐसपैस होती. नर्सने दार उघडून "मोतीबिंदूवाल्या आजींच्या बरोबर कोण आहे?" असं विचारीपर्यंत ती तशीच रिकामी राहिली. बाई लगबगीने उठली, जाताना तिच्या खांद्याला हात लावून गेली, आणि दार बंद झालं तेव्हा आपल्याला बरं वाटलं हे तिच्या लक्षात आलं. सुटलो, असं. रस्ता ओलांडताना गाडी अंगावरून निसटून जावी आणि माणसाने इकडेतिकडे बघावं, कोणी पाहिलं तर नाही ना, तसं तिने रांगेतल्या माणसांकडे पाहिलं. सगळे डोळे मिटून बसले होते.

टॅक्सीत अप्पा काळा चष्मा लावून मागे टेकून बसले. थेंबांनी बाहुल्या विस्फारलेल्या, त्यांना ऊन सोसत नव्हतं. ती खिडकीतून बघत राहिली आणि तिला तोलणारा आठवला. तो कधी आठवत नसे असं नव्हतं, पण ती त्याला ठरलेल्या क्रमाने आठवायची आणि ठरलेल्या ठिकाणी थांबायची. पहिल्यांदा तो आला तो दुपारचा, कचेरीच्या मागच्या उपाहारगृहात, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. सरकारी वजन-कारकून. पोलिसांनी जप्त केलेला माल गोदामात आला की तो तोलून, मोहर लावून आत ठेवायचा, आणि खटला संपला की जाळायला नेण्याआधी पुन्हा तोलायचा, एवढंच त्याचं काम. तिने वहीत त्याचं नाव लिहिलं नाही, 'तोलणारा' असं लिहिलं, आणि पुढे मनातही तेच राहिलं. तो म्हणाला होता, "मॅडम, वास गेलाय." तिला कळलं नाही. तो म्हणाला, "पाकिटं तेवढीच आहेत. वजन तेवढंच आहे. मोहर आहे. पण पूर्वी खोलीत शिरलं की आंबूस वास नाकात बसायचा, घरी गेलो तरी बायको म्हणायची आंघोळ करा आधी. आता नाही येत. मग मी एक पाकीट कोपऱ्यात जरासं टोचलं. पीठ आहे मॅडम. खळ करतात ना कपड्यांना, ते." खरा माल कुठे गेला हे त्याला माहीत नव्हतं. ते तिने शोधलं, सात महिने खपून. मागच्या दाराने निघणारी कचऱ्याची गाडी, गाडीच्या मालकाचा मेहुणा, मेहुण्याच्या शेतघरावर रविवारी जेवायला जाणारे गोदामाचे अधीक्षक, पिठाला गर्द असल्याचा दाखला देणारे प्रयोगशाळेतले दोघे, आणि या सगळ्यांच्या बदल्या ज्याच्या सहीने अडत होत्या तो खात्याचा मोठा साहेब. ज्यांच्याकडून माल पकडला त्यांनाच तो परत जात होता. पकडण्याचं बक्षीस वेगळं. हे तिचंच काम होतं, आणि ते चोख होतं, त्यात आजही कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. तोलणाऱ्याने फक्त सुरुवात करून दिली होती. त्याची एकच अट होती. "माझ्यावर येऊ देऊ नका. घरात आई आहे, भाऊ आहे, आमचं सगळं एकत्र आहे." ती म्हणाली होती, "माझा शब्द."

टिचकी त्याने तिला शेवटच्या भेटीत दाखवली, आणि तीसुद्धा तिने विचारलं म्हणून नाही. सगळं सांगून झालं होतं, वही मिटली होती, चहा संपला होता. त्याने रिकामी बशी उघड्या तळव्यावर धरली आणि हसत म्हणाला, "आमचा काटा म्हातारा आहे, मॅडम. सरळ बसत नाही. बाकीचे दोघं त्याच्या पायाखाली कागदाची घडी सरकवतात. मला नाही आवडत. मी असं करतो." आणि नखाने दोनदा, टिक, टिक. बशीचा तो आवाज तिच्या कानात राहिला. घरी येईपर्यंत त्या आवाजाचं वाक्य झालं होतं. आता आठवलं की तिला सर्वांत जास्त लाज वाटे ती त्या वाटेवरच्या आनंदाची. बसमध्ये उभी राहून, वरचा दांडा धरून, ती ओठांतल्या ओठांत शब्द मागेपुढे करत होती, 'जागं करावं' की 'उठवावं', आणि 'उठवावं' सापडल्यावर तिला हसू आलं होतं. मालिकेच्या चारही भागांत कोरडे तपशील होते: तारखा, गाडीचे नंबर, दाखल्यांच्या प्रती. हे एक वाक्य श्वास घेणारं होतं. आणि ते वाचताना अप्पांची लाल-निळी पेन्सिल कुठे थांबेल हेही तिला माहीत होतं. वयाच्या नवव्या वर्षापासून तिने लिहिलेला प्रत्येक निबंध, पत्र, बातमी अप्पांच्या पेन्सिलीखालून गेली होती. चुकीला लाल. चांगल्याला निळी. निळी फार क्वचित निघे.

पान लावायला घेतलं त्या दुपारी वेलांटीकाका तिच्या टेबलाशी आले. हे त्यांच्या कचेरीतले सर्वांत जुने मुद्रितशोधक. ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी दोन संपादकांशी अबोला धरला होता, म्हणून हे नाव. त्यांनी प्रुफावर त्या वाक्याभोवती पेन्सिलने गोल केला होता. ती म्हणाली, "काय चुकलं?" ते म्हणाले, "चुकलं काही नाही. पण हे वाचून तिथल्या माणसाला कळेल का, कोणी सांगितलं ते?" तिने एकदा वाक्याकडे पाहिलं. फक्त एकदा. त्या नजरेत किती वेळ होता हे तिने नंतर पुष्कळदा मोजायचा प्रयत्न केला. काकांना काय म्हणायचंय हे तिला कळलं होतं की नव्हतं? कळलं होतं. पूर्ण नाही, पण हात पुढे केला असता तर लागलं असतं इतकं. तिने हात पुढे केला नाही. ती म्हणाली, "काका, तुम्ही वेलांट्या बघा ना." आसपासचे दोघे-तिघे हसले. काकाही हसले. गोल खोडरबराने पुसून ते प्रूफ घेऊन गेले, पुढच्या महिन्यात निवृत्त झाले, आणि त्या वाक्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर तिला त्यांचा राग करता आला असता.

मालिका संपली आणि सहाव्या दिवशी तोलणारा कामावरून परतताना तिघांनी त्याला गोदामामागच्या बोळात धरलं. जिवे मारलं नाही. उजवा हात पायरीवर ठेवून वर वीट घातली. बातमी कळली तेव्हा तिने पर्स उचलली होती, इस्पितळात जायला, पण संपादक म्हणाले, "तू गेलीस तर तोच होता यावर शिक्का बसेल. जाऊ नकोस. त्याच्याच भल्याचं आहे." ते खरंच होतं. खरं होतं म्हणूनच ते तिला इतकं उपयोगी पडलं. नंतर चौकशी बसली, अधीक्षक निलंबित झाले, प्रयोगशाळेतले दोघे आत गेले, मोठ्या साहेबाला रजेवर धाडलं, गोदामाला टाळं लागलं. तिला मानचिन्ह मिळालं. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांपुढे 'सूत्रांचं संरक्षण' या विषयावर तिने दोन तास व्याख्यान दिलं, पोरं वहीत उतरवून घेत होती. आणि त्या चौकशीच्याच दिवसांत एकदा, साक्ष देऊन बाहेर पडताना, व्हरांड्यात तिला निलंबित अधीक्षक भेटले. पाण्याच्या नळाशी पेला धरून उभे. चांगले इस्त्रीचे कपडे, कोणाच्याही लग्नात शोभून दिसतील असे. ते अगदी मोकळेपणाने हसले. "बाई, तुम्ही लिहिता झकास. आमच्याकडे वजनाला तिघं होते, आळीपाळीने. आम्ही नुसते डोकं खाजवत बसलो होतो, तिघांतला कोण. मग ते टिचकीचं वाचलं." त्यांनी पेल्यावर नखाने वाजवून दाखवलं. "बाकीचे दोघं घडी घालायचे कागदाची." आणि पाणी प्यायले.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. संपादकांना नाही, अप्पांना नाही. ती स्वतःला सांगायची की सांगून काय होणार. हात तर जोडला जाणार नाही. हे म्हणणं दीड वर्ष पुरलं होतं. आज दवाखान्यात ते पहिल्यांदा अपुरं पडलं, कारण हाताखेरीज आणखीही काहीतरी मोडलेलं होतं, आणि ते अजून रोज मोडत होतं, आणि त्याचं खापर एका गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर होतं. तो माणूस काय म्हणाला असेल? मी नाही सांगितलं, दादा. कितीदा म्हणाला असेल? आणि मग केव्हातरी म्हणायचं सोडून दिलं असेल. त्या थांबण्याचाही अर्थ घरात काढला गेला असेल.

घरी आल्यावर अप्पांनी खोलीचे पडदे ओढून घेतले आणि आरामखुर्चीत बसले. ती त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, "चांगली बाई होती. मिस्टरांचा हात कशाने गेला म्हणाली?"

तिने पेला तिपाईवर ठेवला. अंधारात अप्पांचा चष्मा दोन भोकांसारखा दिसत होता. ते आपल्याला बघू शकत नाहीत हे तिला सोयीचं वाटलं, आणि मग आपल्याला अजूनही सोय सुचतेय याची शिसारी आली.

"माझ्या वाक्याने, अप्पा."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. बशीपासून पेल्यापर्यंत सगळं सांगितलं. वेलांट्या बघा म्हटलेलंही. अप्पा मध्ये एकदाही बोलले नाहीत. एवढा वेळ ते गप्प बसलेले तिने फक्त आई गेली त्या दिवशी पाहिले होते. ती वाट बघत होती ती कशाची? ते म्हणतील, तुझा हेतू वाईट नव्हता. म्हणतील, मोठ्या कामात असं होतं. तिच्या मनात ही दोन्ही वाक्यं त्यांच्या आवाजात तयार होती.

"आणि मला तू ते तिच्यापुढे म्हणू दिलंस," अप्पा म्हणाले.

"मला काय माहीत ती कोण–"

"आज नव्हतं माहीत. दीड वर्ष मी दूधवाल्यापासून सगळ्यांना म्हणून दाखवतोय. तू शेजारी उभी असायचीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात कधी ते असे बोलत, एखाद्या हुशार मुलीने कॉपी केली की. "मी त्याला निळी रेघ मारली. तुला सांगता नाही आलं, अप्पा, ही पुसा?"

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा मिक्सर सुरू झाला आणि थांबला. मग अप्पा म्हणाले, "त्या भावाचं काय?"

बस्स, तेवढंच. पुढे दोन दिवस अप्पा तिच्याशी नेहमीसारखं बोलले, पेपर वाचून दाखवायला लावला, आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. पण अग्रलेख संपला की ते थांबत आणि चष्म्याआडून तिच्या दिशेने तोंड करून बसत, आणि तो प्रश्न तसाच खोलीत उभा राही. त्यांनी तो पुन्हा विचारला असता तर तिने कदाचित चिडून टाळला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती तोलणाऱ्याच्या घरी गेली. पत्ता तिच्या वहीत होता. चार मजली जुनी इमारत, जिना बंदिस्त, एकही खिडकी नाही. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगंबाई! या, या. अहो, बघा कोण आलंय." आणि तोलणारा आतून आला. तो बारीक झाला होता. उजवा हात त्याने पोटाशी धरला होता, कोणी झोपलेलं मूल धरावं तसा सांभाळून. त्याने डाव्या हाताने खुर्ची ओढली, तिच्यावरची वर्तमानपत्रं खाली ठेवली, पंखा तिच्याकडे वळवला. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात," तो म्हणाला. बाजूच्या भिंतीत एक दार होतं आणि दारापुढे लोखंडी कपाट उभं केलेलं. पलीकडची खोली धाकट्याची होती. तो बायकामुलांना घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला तेव्हापासून तिथे भाडेकरू होते. आतल्या खोलीत पलंगावर म्हातारी आई, डोळ्यावर हिरवी झापड बांधून, भिंतीला टेकून बसली होती.

रस्त्यात तिने काय बोलायचं ते जुळवलं होतं. तेही तिला चांगलं जमलं होतं, आणि म्हणूनच तिने ते सोडून दिलं. ती म्हणाली, "तुमच्या भावाने काही सांगितलं नाही. माझ्या लिहिण्यावरून त्यांना कळलं. टिचकीवरून. अधीक्षकांनी मला स्वतः सांगितलं, चौकशीच्या वेळी. मला तेव्हापासून माहीत आहे."

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, ती तिथेच राहिली. तोलणारा तिच्याकडे बघत होता, पण बघत नव्हता. आत कुठेतरी तो ते वाक्य पुन्हा वाचत असावा. त्याच्या डाव्या हाताचं बोट गुडघ्यावर जरासं हललं.

"बाकीचे दोघं घडी घालायचे," तो म्हणाला.

"हो."

"ते वाक्य नसतं, तर बातमी अडली असती?"

इथे तिला खोटं बोलता आलं असतं. त्याला ते हवंही असेल; काहीतरी कामासाठी हात गेला एवढं तरी राहिलं असतं. "नसती अडली," ती म्हणाली.

"मग?"

"चांगलं झालं होतं वाक्य. म्हणून ठेवलं."

तो मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "मलाही आवडलं होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, ओशाळलेपण होतं, आणि ते तिला सोसवेना. "खरं सांगतो. त्या दिवशी सकाळी वाचलं आणि असं वाटलं, आपली टिचकी छापून आली. आयुष्यात कधी कशात नाव आलं नाही, मॅडम. नाव नाही तर नाही, टिचकी तरी. मी धाकट्याला नेऊन दाखवलं. म्हटलं, बघ, हा मी. त्याच्याखेरीज मी कोणाजवळ बोललो नव्हतो. मग मार पडल्यावर दुसरं कोण येणार डोक्यात?" तो थांबला. "त्याने माझ्या पायावर हात ठेवून सांगितलं, दादा, मी नाही. इस्पितळात. मी पाय ओढून घेतला."

"फोन लाव त्याला," आतून म्हातारी म्हणाली.

"आई, तू पड. ताण नको देऊस डोळ्याला."

"डोळ्याने ऐकत नाही मी. लाव. माझ्या फोनवरून लाव, तुझा उचलायचा नाही."

बायकोने फोन आणला, बटण दाबलं, आवाज मोठा केला. दोनदा घंटा गेली आणि पलीकडून मोठ्याने आलं, "हां आई, बोल. क्लच दाबा, क्लच! ब्रेक नाही, क्लच. बोल गं, काय झालं?" तोलणाऱ्याने फोन हातात घेतला. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. "आई? अगं बोल ना." त्याने फोन तिच्यापुढे धरला. "तुम्ही सांगा," तो म्हणाला. "माझ्याने नाही होणार."

तिने फोन घेतला. आपण कोण ते सांगितलं आणि दुसऱ्यांदा तीच चार वाक्यं सांगितली. या खेपेला ती आणखी कोरडी झाली होती. पलीकडे इंजिनाची घरघर येत होती. "गाडी बाजूला घ्या," तो शिकणाऱ्याला म्हणाला. "अजून. हां. बंद करा." घरघर थांबली. तिला वाटलं, आता तो तिला शिव्या देईल, ओरडेल, निदान तुम्ही इतके दिवस काय करत होता असं तरी विचारील. तिची त्याला तयारी होती, जवळजवळ ओढ होती.

"दादा आहे का तिथे?" त्याने विचारलं.

"आहेत."

"त्याला द्या."

तोलणाऱ्याने फोन कानाशी धरला. आवाज मोठाच होता. मग धाकटा म्हणाला, "जेवलास?" आणि हा म्हणाला, "नाही अजून." "आईचा डोळा करणार होतात ना." "झाला. परवा झाला. बरा आहे." "मला नाही सांगितलंत." "नाही." एवढ्यावर तोलणाऱ्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या बायकोने पुढे होऊन फोनचा आवाज कमी केला. आतून म्हातारी विचारत होती, "येतोय का? काय म्हणतोय? येतोय का तो?" आणि बऱ्याच वेळाने तोलणारा भिंतीकडे बघतच म्हणाला, "येतो म्हणतोय. चार वाजता. पोरांना घेऊन."

ती उठली. कोणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं, आणि तसंच निघून जावं असं तिला वाटलं. पण तोलणारा वळला, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "बसा मॅडम. चहा तरी घ्या. अगं, चहा टाक ना." त्याने खुर्ची पुन्हा जरा तिच्याकडे सरकवली. ती नको म्हणाली. तो दारापर्यंत आला. "सांभाळून जा, जिना वाईट आहे," तो म्हणाला. त्याने डावा हात वर केला, नमस्कार अर्धाच झाला.

ती एक मजला उतरली असेल, तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला. त्याची बायको होती. दोन पायऱ्या वर थांबली. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता.

"ताई, पुन्हा येऊ नका."

"नाही येणार."

"शिव्या द्यायला आले नाही मी. तुम्ही सांगितलंत, ते चांगलं केलंत. नसतं सांगितलं तरी आम्हाला काय कळणार होतं." ती दम घ्यायला थांबली. "पण तुम्ही आलात की ते खुर्ची पुढे करणार. पंखा वळवणार. चहा टाक म्हणणार. त्यांना दुसरं येतच नाही. आणि मला ते बघवायचं नाही."

तिने हो म्हटलं. पुढचा जिना काळोखा होता, कठडा कुठे आहे तेही दिसेना. तिने भिंत चाचपून एक पाय खाली टाकला. वरून मोबाइलचा उजेड पडला. पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा, कोपऱ्यातला केर, तिची स्वतःची लांबलचक सावली. तिने मागे वळून पाहिलं नाही. ती खालच्या दाराशी पोचून बाहेर उन्हात पाय ठेवीपर्यंत त्या बाईने तो उजेड तसाच धरून ठेवला होता.